घरी रेडिएटर आणि वॉटर पंप बदलल्यानंतर चढावर इंजिन तापते : कारण कसे शोधावे?

धागाकर्ता

नमस्कार. माझ्याकडे चार सिलिंडरची, पेट्रोलवर चालणारी जुनी गाडी आहे. तिच्या रेडिएटरला खालच्या बाजूने गळती लागली होती, म्हणून मी आणि माझ्या भावाने घरीच रेडिएटर बदलला. एवढे सगळे उघडलेच आहे तर पुन्हा हात लावायला नको, या विचाराने वॉटर पंप, थर्मोस्टॅट (तापमानानुसार कूलंटची वाट उघडणारी झडप), वरचा आणि खालचा होस पाइप, रेडिएटरचे झाकण आणि पंप फिरवणारा बेल्ट हेही नवे बसवले. जुने कूलंट काढून इंजिन साध्या पाण्याने धुतले आणि नंतर कूलंट व डिस्टिल्ड वॉटर सम प्रमाणात मिसळून भरले. दुरुस्तीपूर्वी गाडी गळत होती, पण पाणी पुरेसे असेल तर तापत नव्हती. आता गळती पूर्ण थांबली आहे आणि गाडी तापते.

लक्षणे अशी आहेत. गाडी जागेवर चालू ठेवली तर काटा मध्याच्या किंचित खाली राहतो, पंखा वेळेवर सुरू होतो आणि वेळेवर बंद होतो. रहदारीत हळू चालवतानाही त्रास नाही. लांब चढ लागला किंवा मोठ्या रस्त्यावर सलग वेगात चालवली की काटा वर सरकू लागतो आणि तीन चतुर्थांशाच्या पुढे जातो. तेव्हा हीटर लावला तर आधी गरम येणारी हवा कोमट होते. गाडी थांबवून पाहिले की कूलंटची बाटली काठोकाठ भरलेली असते. इंजिन पूर्ण थंड झाल्यावर बाटलीतले कूलंट जेमतेम थोडेसे परत जाते आणि रेडिएटर वरून रिकामा दिसतो, तो पुन्हा भरावा लागतो. ऑइल स्वच्छ आहे, डिपस्टिकवर किंवा झाकणाखाली दुधाळ थर नाही. सायलेन्सरमधून पांढरा धूर येत नाही.

पुढचा एखादा भाग अंदाजाने बदलण्याआधी नेमके काय तपासावे, हे जाणकारांनी सांगावे.

तापमापक

लक्षणे इतक्या काळजीने लिहिल्याबद्दल आधी आपले आभार. इंजिन तापते एवढेच कळले तर उत्तर देता येत नाही, ते केव्हा तापते हे कळले की निम्मा तपास तिथेच होतो. जागेवर किंवा रहदारीत तापते आणि वेग घेतला की निवते, तर दोष बहुधा हवेच्या बाजूला असतो: पंखा, त्याचा रिले (त्याला वीज देणारा स्विच), पंख्याभोवतीचे आवरण, रेडिएटरसमोर अडकलेला कचरा. याउलट जागेवर ठीक आणि भार पडला की तापते, तर हवा भरपूर मिळत असूनही उष्णता रेडिएटरपर्यंत पोहोचत नाही किंवा तिथून बाहेर पडत नाही, म्हणजे दोष द्रवाच्या प्रवाहाच्या बाजूला शोधावा लागतो. आपले वर्णन या दुसऱ्या प्रकारात मोडते.

तरीही पहिली शंका एअर लॉकची, म्हणजे कूलंटच्या वाटेत अडकलेल्या हवेची, घ्यावी, कारण संपूर्ण कूलंट काढून पुन्हा भरल्यावर ती सर्वांत आधी घ्यायची असते. हवा नेहमी उंच जागा शोधते. हीटरची लहान जाळी आणि सिलिंडर हेडचा वरचा भाग या त्या जागा. तिथे हवेचा फुगा अडकला की पंप फिरत असूनही तेवढ्या भागातून द्रव वाहत नाही. तापमानाचा सेन्सर नेमका त्या फुग्यात आला तर तो वाफेचे तापमान दाखवतो, आणि काटा कधी अचानक उडी मारतो तर कधी इंजिन तापलेले असूनही खाली राहतो. काटा वर असताना हीटरमधून थंड हवा येणे, ही त्याची जुनी आणि भरवशाची खूण आहे.

हवा काढण्याची रीत अशी. इंजिन पूर्ण थंड असताना गाडीचे पुढचे तोंड थोडे वर राहील अशा उतारावर ती उभी करावी, म्हणजे रेडिएटरचे तोंड हा सर्वांत उंच बिंदू होतो. चाकांना ठोकळे लावावेत. हीटरचे बटण पूर्ण गरमवर ठेवावे. इंजिनावर हवा सोडण्याचा वेगळा स्क्रू असेल तर तो सैल करून त्यातून बुडबुडे न येता अखंड धार येईपर्यंत सावकाश भरावे. मग झाकण न लावता इंजिन सुरू करावे, थर्मोस्टॅट उघडू द्यावा आणि पातळी जसजशी खाली जाईल तसतसे भरत राहावे. या काळात वरचा आणि खालचा होस पाइप हाताने आलटून पालटून दाबला तर अडकलेले फुगे सुटतात. मात्र हात पंख्यापासून आणि बेल्टपासून दूर ठेवावेत, कारण विजेवर चालणारा पंखा कोणतीही सूचना न देता सुरू होतो.

एक गोष्ट प्रत्येक वाचकासाठी लिहून ठेवतो. गरम इंजिनाचे झाकण कधीही उघडू नये. आत शंभर अंशांच्या वरचे द्रव केवळ दाबामुळे द्रवरूपात असते. झाकण सैल होताच दाब जातो आणि त्यातला काही भाग त्याच क्षणी वाफ होऊन तोंडावर येतो. फडके धरून हळूच उघडण्याचा सल्ला अनेक जण देतात, तोही ऐकू नये.

मुक्तप्रवासी

इतका खटाटोप कशाला? थर्मोस्टॅट काढून टाकावा, गाडी कधीच तापणार नाही. आमच्या ओळखीतल्या कित्येक गाड्या तशाच चालतात. आणि गळतीची धास्ती असेल तर रेडिएटरमध्ये गळती बुजवणारी पावडर टाकून ठेवावी.

वंगण

वरच्या दोन्ही सूचनांना माझा स्पष्ट विरोध आहे, आणि कारणे देणे मला आवश्यक वाटते, कारण हे सल्ले सर्वत्र दिले जातात आणि त्यांनी चांगली इंजिने खराब होतात.

थर्मोस्टॅट हा केवळ अडथळा नाही. त्यातील मेण साधारण ८२ ते ९२ अंश सेल्सियसच्या दरम्यान, प्रत्येक इंजिनासाठी ठरवून दिलेल्या तापमानाला, वितळून फुगते आणि झडप उघडते. तो काढला तर इंजिन सतत थंड राहते, गाडीतला संगणक जास्त पेट्रोल सोडत राहतो, न जळलेले पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरील ऑइल धुऊन नेते आणि झीज वाढते. शिवाय अनेक इंजिनांत थर्मोस्टॅटला दोन झडपा असतात: रेडिएटरकडची वाट उघडताना दुसरी झडप आतल्या आत फिरवणारी आडवाट बंद करते. असा थर्मोस्टॅट काढला की ती आडवाट कायम उघडी राहते, बरेचसे गरम कूलंट रेडिएटरला न जाता परत इंजिनात फिरते आणि भाराखाली गाडी पूर्वीपेक्षा जास्त तापते.

थर्मोस्टॅटवर संशय असेल तर तो काढून तपासावा. भांड्यातल्या पाण्यात तो दोरीने लोंबकळत ठेवावा, तळाला टेकू देऊ नये, शेजारी तापमापी धरावी आणि पाणी हळूहळू तापवावे. त्याच्यावर कोरलेल्या तापमानाच्या आसपास झडप हलू लागली पाहिजे आणि त्यानंतर दहा-पंधरा अंशांत ती पूर्ण उघडली पाहिजे. बसवताना मेणाची कुपी इंजिनातल्या गरम द्रवाच्या बाजूला आणि हवा सुटण्यासाठी ठेवलेली बारीक पिन वरच्या बाजूला येते ना, हे पाहावे. उलटा बसलेला थर्मोस्टॅट फार उशिरा उघडतो, आणि घरच्या दुरुस्तीत हे वारंवार घडते.

गळती बुजवणारी पावडर जिथे भोक आहे तिथेच थांबते असे नाही. अरुंद वाट दिसली की ती साचते, आणि या व्यवस्थेतील सर्वांत अरुंद वाटा म्हणजे रेडिएटरच्या चपट्या नळ्या आणि हीटरची जाळी. नवा रेडिएटर बसवलेल्या गाडीत ती टाकू नये.

धागाकर्ता

सर्वांचे मनापासून आभार. तापमापक यांनी सांगितल्याप्रमाणे हवा काढली. बऱ्यापैकी बुडबुडे आले आणि आता जागेवर हीटर चांगला गरम राहतो. थर्मोस्टॅट काढून पाण्यात तपासला. तो योग्य तापमानाला उघडतो आणि तो सुलटाच बसवलेला होता.

भावाने गाडीच्या निदान-सॉकेटला जोडायचे लहान यंत्र आणले, त्यामुळे आता काट्याऐवजी अंशांत आकडा दिसतो. जागेवर ९१ ते ९६ अंशांच्या दरम्यान तापमान फिरते. सपाट रस्त्यावर बेताच्या वेगात ९२. चढ सुरू झाला की ते न थांबता वाढत जाते, १०८ च्या पुढे गेल्यावर आम्ही गाडी बाजूला घेतो. म्हणजे सुधारणा झाली, पण मूळ दोष तसाच आहे. बाटली आजही भरली आणि थंड झाल्यावर रेडिएटर पुन्हा रिकामा दिसला.

तापमापक

आकडे मिळाले हे फार चांगले झाले. अनेक गाड्यांत काटा मुद्दाम मंदावलेला असतो, साधारण ८० पासून १०५ पर्यंत काहीही असले तरी तो मध्यावर स्थिर दिसतो आणि हलतो तेव्हा उशीर झालेला असतो. अशा तपासात काट्यावर विसंबू नये.

पंख्याचे एक बघून घ्यावे. वायर जोडताना दोन टोके उलटसुलट झाली तर पंखा फिरतो, आवाजही येतो, पण वारा विरुद्ध दिशेला जातो. रेडिएटरच्या मागे बसवलेला पंखा हवा समोरून ओढून इंजिनाकडे टाकतो. पंखा चालू असताना समोरच्या जाळीवर कागद धरला तर तो जाळीला चिकटून राहिला पाहिजे. आपले लक्षण पंख्याचे नाही, तरीही उलटा वारा समोरून येणाऱ्या हवेला अडवतो, म्हणून पाहणे योग्य. बेल्टही पाहावा. तो कप्प्यांवरून चुकीच्या वाटेने गेला तर पंप उलटा फिरू शकतो आणि तरीही थोडेफार कूलंट ढकलतो. मग जागेवर भागते आणि भाराखाली भागत नाही.

शिरोबंध

धाग्यात अजून कोणी हेड गॅस्केटबद्दल (सिलिंडर हेड आणि खालचा ब्लॉक यांच्या मधला पातळ सांधा बंद करणारा थर) सविस्तर लिहिलेले नाही, म्हणून लिहितो. भाराखाली तापणे, बाटली भरणे, रेडिएटर रिकामा होणे, हीटर मध्येच थंड पडणे, ही सगळी लक्षणे हेड गॅस्केट फुटल्याचीही असू शकतात. ऑइल स्वच्छ आहे म्हणून गॅस्केट चांगले आहे, असा निष्कर्ष काढता येत नाही. गॅस्केट कुठे फुटले यावर सर्व अवलंबून असते. फट सिलिंडर आणि पाण्याच्या वाटेच्या मध्ये असेल तर ऑइलला काहीच होत नाही. ज्वलनाचे वायू प्रत्येक स्फोटाबरोबर कूलंटमध्ये घुसतात, त्याला बाटलीत ढकलतात आणि त्याची जागा घेतात.

दुरुस्तीपूर्वी गाडी गळत होती, त्या काळात ती एकदाही कमी पाण्यावर तापली नव्हती, याची खात्री करावी. ॲल्युमिनियम तापल्यावर ओतीव लोखंडाच्या जवळजवळ दुप्पट प्रसरण पावते. हेड ॲल्युमिनियमचे आणि ब्लॉक लोखंडी असेल तर दोघांच्या मध्ये अडकलेल्या पातळ गॅस्केटवर प्रत्येक वेळी घासण्याचा ताण येतो. इंजिन एकदा जास्त तापले की हेड किंचित वाकते आणि पुढे पुन्हा पुन्हा त्रास देते.

तपास करण्यासाठी हेड उतरवण्याची गरज नाही. निळ्या द्रवाची एक साधी चाचणी मिळते. काचेच्या किंवा प्लास्टिकच्या नळीत तो द्रव घालून ती रेडिएटरच्या तोंडावर बसवायची आणि इंजिन गरम चालू असताना रबरी फुग्याने आतली हवा त्या द्रवातून ओढायची. ज्वलनातला कार्बन डायऑक्साइड असेल तर निळा रंग पिवळा होतो. चाचणीपूर्वी कूलंटची पातळी थोडी खाली घ्यावी, कारण कूलंटच नळीत ओढले गेले तर द्रव बिघडतो. दोष केवळ भाराखाली दिसतो, म्हणून चढावरून परत आल्यावर, इंजिन सुरक्षित होईपर्यंत निवू देऊन, ही चाचणी करावी. सोबत एक साधे निरीक्षण: थंड इंजिन सुरू केल्यावर पहिल्या काही मिनिटांतच वरचा होस पाइप दगडासारखा कडक झाला, तर तो दाब उष्णतेचा नसतो, वायूंचा असतो.

ही चाचणी दोष दाखवते आणि हेड उतरवावेच लागले, तर तीन गोष्टी विसरू नयेत. अचूक सरळ पट्टी आणि फीलर गेजने (ठरावीक जाडीच्या पातळ पात्यांनी फट मोजण्याचे साधन) हेडचा सपाटपणा आडवा, उभा आणि तिरका मोजावा. मर्यादा बहुधा ०.०५ ते ०.१ मिलिमीटरच्या आसपास असते आणि नेमका आकडा त्या इंजिनाच्या पुस्तिकेतून घ्यावा. ठरावीक कोनापर्यंत पिळून आवळायचे बोल्ट अनेक इंजिनांत एकदाच वापरायचे असतात. आणि ब्लॉकमधील बोल्टच्या भोकांत ऑइल किंवा पाणी साचू देऊ नये. बोल्ट आवळताना त्या द्रवाला जायला जागा नसते आणि ब्लॉकला तडा जाऊ शकतो.

धागाकर्ता

पंखा बरोबर दिशेने हवा ओढतो, कागद जाळीला चिकटला. बेल्टची वाट बॉनेटखालच्या चित्राशी ताडून पाहिली, बरोबर आहे.

निळ्या द्रवाची चाचणी चढावरून आल्यावर केली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा केली. रंग जराही बदलला नाही. शिरोबंध यांनी सांगितलेले होस पाइपचे निरीक्षणही केले, पण निकाल अपेक्षेच्या उलट आहे. थंड असताना तो मऊ असतो हे ठीक, मात्र इंजिन पूर्ण तापल्यावर, यंत्रावर १०० अंश दिसत असताना, इंजिन बंद करून जाड हातमोजा घालून दाबला तरी तो सहज दाबला जातो. हे सामान्य आहे का?

जुना पाना

नाही, हे सामान्य नाही, आणि माझ्या मते आपल्या दोषाचे उत्तर याच निरीक्षणात आहे.

रेडिएटरचे झाकण हे केवळ झाकण नाही, ती दाबाची झडप आहे. तिच्यावर ०.९ किंवा १.१ असा आकडा छापलेला असतो, तो बारमधला दाब. आत तेवढा दाब साचेपर्यंत ती कूलंटला बाटलीकडे जाऊ देत नाही. या दाबावर सगळी व्यवस्था उभी आहे. उघड्या भांड्यात पाणी १०० अंशांना उकळते. झाकणाने आणखी १ बार दाब धरला की उकळबिंदू सुमारे १२० अंशांवर जातो. सम प्रमाणातील कूलंटमिश्रण उघड्यावर साधारण १०७ अंशांना उकळते आणि त्याच दाबाखाली १२५ च्या पुढे जाते. आपली गाडी १०८ च्या आसपास नियंत्रणाबाहेर जाते, हा योगायोग नसावा. हेडमध्ये एक्झॉस्ट झडपांच्या आसपासचा धातू सेन्सरने दाखवलेल्या आकड्यापेक्षा बराच गरम असतो. दाब नसेल तर तिथे वाफेचे फुगे धरू लागतात, वाफ उष्णता वाहून नेत नाही, म्हणून तो भाग आणखी तापतो आणि वाफ कूलंटला बाहेर ढकलते. बाटली भरण्याचे हे कारण आहे. हीटर कोमट पडण्याचेही हेच कारण: त्याच्याकडे द्रवाऐवजी वाफमिश्रित फेस जातो.

तापलेल्या इंजिनाचा वरचा होस पाइप सुदृढ व्यवस्थेत टणक लागतो. आपला मऊ लागतो, म्हणजे दाब साचतच नाही. तो एकतर कुठून तरी गळतो किंवा झाकण त्याला धरत नाही. आपण झाकणही नवे बसवले, असे पहिल्याच मजकुरात लिहिले आहे. जुने झाकण टाकून दिले नसेल तर नवे आणि जुने शेजारी ठेवून पाहावे.

दुसरी तपासणी खालच्या होस पाइपची. बहुतेक गाड्यांत पंप खालच्या पाइपातून द्रव ओढतो, म्हणजे तो ओढीच्या बाजूला असतो. व्यवस्थेत दाब असेल तर ही ओढ पाइपाला जाणवत नाही. दाब नसेल तर पंप जोरात फिरताच पाइपाच्या आतला दाब बाहेरच्या हवेपेक्षा कमी होतो आणि मऊ पाइप चपटा होतो. मूळ पाइप एका साच्यातून वळण देऊन काढलेला, जाड भिंतीचा असतो. काहींच्या आत तारेची स्प्रिंगही असते. त्याच्या जागी कापून बसवायचा सरळ पाइप वाकवून लावला असेल, तर वळणाशी तो आधीच थोडा मोडलेला असतो. गाडी जागेवर तापवून, थर्मोस्टॅट उघडल्यावर, भावाला रेस वाढवायला सांगावे आणि आपण बाजूला उभे राहून टॉर्चच्या प्रकाशात खालचा पाइप पाहावा.

लक्षात ठेवावे की इंजिन बंद करून थंड होताना पाइप चपटे होणे ही वेगळी गोष्ट आहे. झाकणाच्या मध्यभागी एक छोटी उलटी झडप असते, ती थंड होताना बाटलीतले कूलंट परत आत घेते. ती चिकटली तर थंड होताना वरचा पाइप आत ओढला जातो. दोन्ही दोष झाकणाशी निगडित आहेत, पण त्यांच्या वेळा वेगळ्या आहेत.

धागाकर्ता

जुना पाना, आपण सांगितले तसेच दिसले. सविस्तर लिहितो, कारण कोणाला तरी उपयोग होईल.

आधी खालचा पाइप. दुकानातून मिळालेला पाइप मूळ घडणीचा नव्हता, लांबीला कापून बसवायचा होता आणि पंपाजवळच्या वळणावर त्याच्या आतल्या बाजूला एक आडवी सुरकुती होती. जागेवर ती केवळ सुरकुती दिसत होती. भावाने रेस वाढवली, इंजिन साधारण तीन हजार फेऱ्यांवर गेले, तशी ती सुरकुती खोल होत गेली आणि पाइपाच्या दोन्ही भिंती मध्ये इतक्या जवळ आल्या की वरून पाहता तो दोन बोटांनी चिमटून धरल्यासारखा दिसत होता. रेस सोडताच तो सावकाश फुगून पूर्वीसारखा गोल झाला. बॉनेट उघडून जागेवर कितीही वेळ पाहिले असते तरी हे दिसले नसते, कारण ते फक्त वेगातच घडते.

मग झाकणे. दोन्हींवर ०.९ छापलेले आहे, बाहेरचा व्यासही सारखा आहे आणि दोन्ही रेडिएटरच्या तोंडावर घट्ट बसतात. टेबलावर पालथी ठेवली तेव्हा फरक कळला. जुन्या झाकणाची स्प्रिंग आणि तिच्या टोकाची रबरी चकती नव्यापेक्षा स्पष्टपणे जास्त खाली उतरते. नव्या झाकणाच्या चकतीवर दाबाचा वळ अजिबात उमटलेला नव्हता, ती कोरी होती. जुन्या चकतीवर मात्र गोल वळ होता. म्हणजे नवे झाकण वरच्या कडेवर बसत होते आणि त्याची चकती आतल्या बैठकीपर्यंत पोहोचतच नव्हती. बाटलीकडे जाणारी वाट कायम उघडी होती.

शेजारच्या गॅरेजमधून दाब तपासण्याचा हातपंप आणला. झाकणाच्या जागी तो बसवून ०.९ बार दाब दिला, तर काटा बराच वेळ हलला नाही. बाकी व्यवस्थेत गळती नाही, असे मी यावरून समजतो. बरोबर ना?

जुना पाना

अगदी बरोबर. हातपंप झाकणाची जागा घेतो, म्हणून त्या चाचणीत दाब टिकणे आणि गाडी चालवताना न टिकणे या दोन गोष्टी एकत्र आल्या की संशय झाकणावरच येतो. अनेक जण व्यवस्था तपासतात आणि झाकण स्वतंत्रपणे तपासायचे राहून जाते. हातपंपासोबत झाकण बसवण्याचा तुकडा येतो, त्यावर प्रत्येक नवे झाकण तपासता येते; पण आपल्या बाबतीत त्या चाचणीतही ते कदाचित उत्तीर्ण झाले असते, कारण दोष झडपेत नाही, तोंडाच्या खोलीशी न जुळण्यात आहे. म्हणून झाकण घेताना दाबाच्या आकड्याबरोबर त्याची उतरण मोजून घ्यावी, किंवा रबरावर वळ उमटतो का हे पाहावे.

झाकण आणि पाइप दोन्ही बदलावेत. केवळ झाकण बदलले तर पाइप कदाचित चपटा होणार नाही, पण वळणावर मोडलेला पाइप विश्वासाने ठेवण्यासारखा नसतो. पाइप त्या गाडीसाठी साच्यातून काढलेलाच घ्यावा.

द्रवमिश्रण

कूलंटविषयी एक महत्त्वाची गोष्ट राहून गेली आहे. धागाकर्त्यांनी इंजिन साध्या पाण्याने धुतले आणि नंतर सम प्रमाणात मिश्रण भरले, असे लिहिले आहे. धुतल्यानंतर ब्लॉकमध्ये आणि हीटरच्या जाळीत बरेच पाणी उरते. ते धरले तर प्रत्यक्ष मिश्रण सम राहत नाही, कूलंट कमी पडते. ब्लॉकचा निचरा करणारा बोल्ट उघडून पाणी काढावे किंवा एकूण क्षमतेच्या निम्मे शुद्ध कूलंट आधी भरून मग डिस्टिल्ड वॉटरने पातळी पूर्ण करावी. शेवटी रिफ्रॅक्टोमीटरने (मिश्रणाचे प्रमाण दाखवणारे उपकरण) तपासावे. सम प्रमाणातील एथिलीन ग्लायकॉलचे मिश्रण उणे ३७ अंशांच्या आसपास गोठते, तो आकडा आला की प्रमाण बरोबर आहे.

जास्त कूलंट म्हणजे जास्त थंडावा, हाही गैरसमज आहे. उष्णता वाहून नेण्याचे काम मुख्यतः पाणी करते; ग्लायकॉल उकळबिंदू वाढवते, गोठण्यापासून वाचवते आणि त्यातील रसायने गंज रोखतात. शुद्ध कूलंट भरले तर उष्णता वाहून नेण्याची क्षमता कमी होते. केवळ पाणी भरले तर ती वाढते, पण गंज आणि क्षार नव्या रेडिएटरच्या नळ्या भरून टाकतात. रंगावरून कूलंटचा प्रकार ओळखू नये. एकाच रंगाची दोन कूलंटे वेगळ्या रसायनांची असू शकतात आणि ती मिसळली की गंजरोधक गुण कमी होतात, काही वेळा गाळही धरतो. पुस्तिकेत दिलेले मानांकन पाहूनच घ्यावे.

काढलेले कूलंट उघड्या भांड्यात ठेवू नये आणि गटारात ओतू नये. ते चवीला गोड आणि अत्यंत विषारी असते. मांजर-कुत्र्यांचा आणि लहान मुलांचा जीव थोड्याशा प्रमाणानेही जाऊ शकतो. ते बंद डब्यात भरून, डब्यावर ठळक लिहून, वापरलेले ऑइल गोळा करणाऱ्यांकडे द्यावे.

नववाचक

धागा वाचून माझी अडचण विचारतो. माझी गाडी उलट वागते. मोठ्या रस्त्यावर उत्तम, सिग्नलला थांबलो की तापते. वातानुकूलन लावले तर मात्र तापमान खाली येते. झाकणच बदलू का?

तापमापक

आधी झाकणाला हात लावू नये. वातानुकूलन लावले की बहुतेक गाड्यांत पंखा तापमानाची वाट न पाहता सुरू केला जातो. त्याने तापमान उतरते, म्हणजे पंख्याची मोटर चांगली आहे आणि त्याला एरवी सुरू करणारा मार्ग बिघडला आहे. पंख्याचा सेन्सर किंवा स्विच, त्याची वायर, रिले आणि फ्यूज या क्रमाने तपासावे. पंखा दोन वेगांचा असेल तर हळू वेगाचा रेझिस्टर जळालेला असणे हे नेहमीचे कारण आहे.

धागाकर्ता

मूळ घडणीचा खालचा पाइप आणि योग्य उतरणीचे झाकण बसवले. द्रवमिश्रण यांनी सांगितल्याप्रमाणे ब्लॉकचा निचरा करून कूलंट पुन्हा भरले, हवा काढली. त्याच चढावर, गाडीत माणसे आणि सामान भरून, तापमान ९८ च्या वर गेले नाही. माथ्यावर थांबल्यावर वरचा पाइप बाहेरून दाबून पाहिला, आता तो टणक लागतो. रात्रभर थंड झाल्यावर बाटलीतली पातळी खुणेवर परत आली आणि रेडिएटर तोंडापर्यंत भरलेला होता. आपण सर्वांनी इतका वेळ आणि इतके ज्ञान दिले, त्याबद्दल मी आणि भाऊ दोघेही ऋणी आहोत.

जुना पाना

फार आनंद झाला. आता दोन कामे राहिली आहेत. नवा रबरी पाइप पहिल्या काही वेळा तापून थंड झाला की थोडा दबतो आणि क्लॅम्प सैल पडतो, म्हणून स्क्रूचे क्लॅम्प असतील तर इंजिन पूर्ण थंड असताना ते एकदा पुन्हा आवळावेत. रबर क्लॅम्पच्या खाचांतून बाहेर येईल इतके मात्र आवळू नयेत. आणि गाडी १०८ च्या पुढे गेली होती, म्हणून पुढच्या ऑइल बदलापर्यंत दर आठवड्याला थंड इंजिनावर रेडिएटर आणि बाटली या दोन्हींची पातळी वहीत लिहून ठेवावी. कुठेही गळती न दिसता पातळी हळूहळू उतरू लागली, तर शिरोबंध यांची निळ्या द्रवाची चाचणी पुन्हा करावी.